शुक्रवारचा अल्बम कुणी सांगितला?

प्रिय शोभाताई,

रविवारी संध्याकाळी भर कॅफेत मी इतकी ओरडले की घसाच बसला. आज बुधवार, अजून आवाज फुटत नाही. कंपनीला दांडी मारली आहे. आई हळदीचं दूध ठेवून गेली आणि जाता जाता म्हणाली, "गप बसायचं दोन दिवस."

गप बसायचं! तुम्ही गेल्यापासून आठ महिने मी दुसरं काय केलं? आता बोलता येत नाही, तर लिहिते.

आणि सुरुवात तुमच्यावरच रागावून करते. आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणत सोडा पीत बसलात. कंपनीच्या बसमध्ये मी दोनदा म्हटलं, "ताई, एकदा दाखवून या की डॉक्टरांना." तुमचं उत्तर काय? "पित्त हाय गं अश्वे. स्टॉकची मोजणी होऊ दे, मग बघू." स्टोअरमधला शेवटचा बोल्ट मोजून झाला बुधवारी, आणि गुरुवारी सकाळी भाकऱ्या थापताना तुम्ही खाली बसलात त्या उठलाच नाहीत. बावन्न हे काय जायचं वय आहे? त्या बोल्टांना कुठं जायचं होतं? ते अजून तिथंच आहेत, ताई.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आमची तीन नंबरची बस हायवेनं लक्ष्मी टेकडीपाशी आली आणि कुणाचाच फोन वाजला नाही. दर शुक्रवारी तिथंच वाजायचा. बसच्या ग्रुपवर तुमचा मेसेज पडायचा आणि चाळीसएक खिशांत एकदम टिंग व्हायचं. त्या दिवशी बस तशीच गप कागलच्या एमआयडीसीत शिरली. रडले मी तेव्हा. आदल्या दिवशी तुमच्या दारात नव्हते रडले.

आठवतं, मी क्वालिटी विभागात नवीन लागले तेव्हा तुमच्या मागची सीट मिळाली होती? तुम्ही सगळ्यात पुढं, ड्रायव्हर शिवाजीमामांच्या शेजारी, पायाशी डब्याची पिशवी, कानात वायरचे इअरफोन. महिनाभर नुसतं "बस की" आणि "उतर की" एवढंच बोलणं. मग एकदा मागं वळून तुम्ही एक इअरफोन माझ्या हातात दिलात. कानात घातला आणि मी दचकलेच! ड्रम, गिटार, आणि कुणी पोरगी जीव तोडून ओरडतेय. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही शेंगा सोलत बसल्यासारख्या शांत.

"काय हे ताई?"

"रॉक हाय. शिलाँगच्या तिघी पोरी हायत. कालच आलाय अल्बम."

मी विचारलं, तुम्हाला याचा नाद कसा लागला? तुम्ही सांगितलंत ते मी नंतर कितीतरी जणांना सांगायला हवं होतं. सकाळी फोनवर भीमगीतं लावून तुम्ही भाकऱ्या करत होतात. गाणी संपली आणि फोननं आपलं आपण पुढचं काहीतरी लावलं. हात पिठात. बंद कसं करणार? "हात मोकळे होईस्तोवर तीन गाणी झाली. मग हात धुतले, आणि बंद करायचं ठरवलं, तर मन होईना."

नंतर एकदा, सायबर चौकात बस अडकली होती तेव्हा, तुम्ही आणखी एक सांगितलंत. तुमचे आजोबा गावकीची हलगी वाजवायचे. धम्म घेतला तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली ती कायमची. घरात परत कुणी हात लावला नाही. "बरोबरच केलं त्यांनी. कुणाच्या दारात वाजवायला जायचं, ते बी हुकमावर? पण माझ्या कानाला कुणी सांगितलं न्हाय ना ते. ड्रम आला की कान उभा राहतोय." एवढं बोलून तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. 

मग तुमच्या शिफारशी सुरू झाल्या. नवे अल्बम शुक्रवारी येतात, हे मला तुमच्याकडून कळलं! पहाटे पाच वाजता उठून, भाकऱ्या थापत, भांडी घासत तुम्ही ते ऐकायच्या. बसमध्ये बसलं की लिहायला घ्यायच्या, आणि टेकडी येईपर्यंत मेसेज तयार. चार-पाच ओळी. बँडची नावं तुम्हाला उच्चारायला जड जायची, म्हणून तुमची आपली नावं. "ते ओल्या भिंतीवाले", कारण कव्हरवर ओल आलेली भिंत होती. "इंफाळचे दोघे भाऊ." "ती चष्म्याची."

मला पाठच आहेत सगळे मेसेज. "पहिलं गाणं भांडण हाय. दुसरं त्या भांडणाचं उत्तर. तिसरं सोडून द्या, तिथं पोरी दमल्यात. चौथ्याला परत उठतात." आणि तो एक, माझा सगळ्यात आवडता: "ह्या गाणाऱ्याचा आवाज चांगला न्हाय. पण खोटा न्हाय. ऐका."

बसमधले अर्धे हसायचे, अर्धे खरंच ऐकायचे. पेंट शॉपमधले दोघे तर सुट्टीत वाद घालायचे तुमच्या अल्बमवरून.

आणि तुम्ही गेल्यावर कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली, तिथं साहेब काय म्हणाले माहीत आहे? "शोभा मॅडम साध्या, कष्टाळू आणि मितभाषी होत्या." मितभाषी! तुम्ही! दर शुक्रवारी बसभर माणसांना चौथं गाणं का ऐकायचं ते सांगणारी बाई मितभाषी! कुणी एका शब्दानं गाण्याचं नाव काढलं नाही. आणि मी? मी चहाचा कप हातात धरून उभी होते. दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिले आणि मग लाईनवर गेले. त्या दोन मिनिटांचा राग अजून जात नाही माझा माझ्यावरचा.

आता खरं ज्यासाठी ओरडले ते सांगते.

डिझाइनमधला प्रणव आठवतो ना? आपल्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसायचा तो. त्यानं तुम्ही गेल्यावर दोन-तीन महिन्यांत इन्स्टाग्रामवर एक पान काढलं. दर शुक्रवारी एक नवाजुना अल्बम, खाली चार-पाच ओळी. लोक जमत गेले, कोल्हापुरातले, पुण्यातले सुद्धा. मला माझ्या मैत्रिणीनंच पाठवलं जयसिंगपूरहून. "अगं, तुमच्या कंपनीतला मुलगा आहे, काय छान लिहितो बघ!"

बघितलं. ताई, सगळे मेसेज तुमचे होते! एकूण एक! फक्त त्यानं ते धुऊन, इस्त्री करून टांगले होते. "ह्या गाणाऱ्याचा आवाज चांगला न्हाय, पण खोटा न्हाय" याचं काय केलं होतं त्यानं? "गायकाचा प्रामाणिक स्वर थेट मनाला भिडतो." मनाला भिडतो म्हणे! तुम्ही आयुष्यात असलं वाक्य बोलला असता का? चोरायचं तर निदान जसंच्या तसं तरी चोरायचं. ते सुद्धा नाही. तुमचं "न्हाय" काढून टाकलं, तुमची चष्म्याची पोरगी काढून टाकली, आणि जे उरलं त्यावर लोक बदाम टाकत होते.

मी त्याला मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग बघितलं, रविवारी राजारामपुरीतल्या एका कॅफेत तो लोकांना अल्बम ऐकवणार होता, आपल्या शिफारशी वाचून दाखवणार होता. आपल्या!

शनिवारी सकाळी बसमध्ये मी तुमच्या सीटवर बसले. हो, बसते मी आता तिथं. शिवाजीमामांना सगळं वाचून दाखवलं. ते नुसती गाडी चालवत राहिले. मी उतरायला लागले तेव्हा मामा म्हणाले, "किती वाजता हाय ते?"

रविवारी मामा आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कॅफेत खुर्च्या कमी, पोरं-पोरी खाली गाद्यांवर बसलेली. आम्ही दोघं मागं दाराशी उभे. मामांनी एका पोराला विचारलं, "पावणं, इथं चा मिळतोय का साधा?" तो म्हणाला, नाही, कॉफी आहे. मामा म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे."

प्रणव छान बोलत होता, खोटं कशाला सांगू. माईक हातात, मागं मोठा स्पीकर. त्यानं इंफाळच्या भावांचं गाणं लावलं, आणि मग वाचून दाखवलं. या वेळी त्यानं तुमची एक उपमा तशीच ठेवली होती, कारण ती ठेवली की लोक हसतात हे त्याला कळलं असणार. "आणि इथं ड्रमर असा सुटतो, जसा ट्रॉली सोडल्यावर रिकामा ट्रॅक्टर." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, हे कसं सुचतं? तर तो म्हणाला, "परवा घाटातून गाडी चालवत येत होतो, तेव्हा सुचलं."

मी म्हटलं, "हे शोभाताई कांबळेंचं आहे."

मी हळूच म्हटलं होतं, पण सगळ्यांनी वळून बघितलं. प्रणव जरा गडबडला, मग हसला. "हां, आमच्या कंपनीत एक मावशी होत्या. त्या ग्रुपवर फॉरवर्ड करायच्या. फॉरवर्ड काय, कुणीही करतं. मूळ कुणाचं ते कुणाला माहीत?"

"त्या स्वतः लिहायच्या."

"अगं, स्टोअरमध्ये बसणारी बाई इंडी रॉकवर लिहिणार? कांबळे मावशी?" ते आडनाव तो कसं बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. लिहिताच येत नाही ते. आणि मग तो म्हणाला, "आणि अश्विनी, तूच मला सांगितलं होतंस ना, कुठून तरी उचलत असतील म्हणून?"

ताई, सगळा कॅफे माझ्याकडे बघत होता.

खरं होतं ते. दोन वर्षांपूर्वी त्यानं बसमध्ये मला विचारलं होतं, "ह्या मावशी हे कुठून आणतात गं?" इंजिनिअर पोरगा माझ्याशी बोलतोय, म्हणून मी शहाणपणा केला. खांदे उडवून म्हटलं, "काय माहीत, कुठून तरी उचलत असतील." आम्ही दोघं हसलो. तुम्ही किती लांब होता? एक सीट. कानात इअरफोन होते तुमच्या, पण गाणं चालू होतं का? त्या शुक्रवारी तुम्ही काही लिहिलं नाहीत. तेवढा एकच शुक्रवार. पुढच्या शुक्रवारी परत सुरू केलंत, आणि मला डब्यातली थालीपिठं दिलीत, नेहमीसारखी. ऐकलं होतं का, ताई? ऐकलं असेल तर दोन कानाखाली का नाही ठेवून दिल्यात? का सोडलंत मला?

मग मी ओरडले. "व्हय, मीच म्हणाले होते! खोटं बोलले होते! मी माझ्या डोळ्यांनी त्यांना लिहिताना बघत होते आणि तुझ्यासमोर शहाणी दिसायला खोटं बोलले! लाज मला वाटतीय, तुला का वाटत न्हाय?" आणखी काय काय बोलले, आठवत नाही. शिव्याही गेल्या असतील. कॅफेवाला पळत आला, म्हणाला, मॅडम, आवाज खाली. मी म्हटलं, तुमचा स्पीकर खाली करा आधी!

आणि तेवढ्यात शिवाजीमामा पुढं गेले. गाद्यांवरच्या पोरांच्या मधून, चपला हातात घेऊन. माईक घेतला नाही, त्यांना लागतच नाही.

"पावणं, ट्रॅक्टर माझा हाय."

कुणाला काही कळलं नाही. मामा म्हणाले, "ती माझ्या शेजारी बसून लिवायची. शब्द अडला की मला इचारायची. त्या दिवशी तिनं लिवलं होतं, रिकामा ट्रक सुटतो तसा. मी म्हटलं, ताई, ट्रक कुठं असा सुटतोय? कारखान्यावर ट्रॉली सोडली की ट्रॅक्टर कसा उड्या मारत सुटतोय, बघितलाय न्हवं? ती म्हणाली, व्हय की मामा! आणि खोडून ट्रॅक्टर केलं. मी सिग्नलला होतो. ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मग प्रणवकडे बोट करून, "तू कुठल्या घाटात गेलतास रं?"

कुणी हसलं नाही. एक मुलगी उठली आणि बॅग घेऊन निघून गेली. तिच्यामागं अजून तिघं-चौघं. बाकीचे बसले. त्यांनी पैसे भरले होते कॉफीचे, काय करतील!

तुम्हाला वाटत असेल, झालं, मिटलं. काही मिटलं नाही. सोमवारी बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. पेंट शॉपमधला एक मला म्हणाला, "अश्विनी, गाण्याचंच तर आहे, कशाला एवढं?" गाण्याचंच! तुमच्या अल्बमवरून डब्याच्या सुट्टीत भांडणारा माणूस हा! प्रणव बसला आलाच नाही. रात्री त्याच्या पानावर एक ओळ आली: "आमच्या कंपनीतल्या एका साध्या मावशींच्या प्रेरणेतून." नाव नाही. साध्या. प्रेरणेतून. मी खाली तुमचं पूर्ण नाव लिहिलं. त्यानं पुसलं. परत लिहिलं. त्यानं मला ब्लॉकच करून टाकलं.

काल संध्याकाळी मी कळंब्याला तुमच्या घरी गेले. तुमचे सगळे मेसेज कागदावर काढून नेले होते, एक काना इकडचा तिकडं न करता. दाजी एकटेच होते. मी बसक्या आवाजात सगळं सांगितलं, उरलासुरला आवाज त्यातच गेला. ते म्हणाले, "हे ती करायची? मला वाटायचं, कानात बुद्धवंदना लावलीया. सकाळची वेळ, मी कधी इचारलं न्हाय."

मला इतका राग आला, ताई! तीस वर्षांचा संसार, आणि कधी विचारलं नाही! पण त्यांनी चष्मा लावला आणि एकेक कागद वाचायला घेतला, बोट ठेवून. चौथ्या की पाचव्या कागदावर थांबले. तुम्ही लिहिलं होतं: "हा अल्बम कुकर लावून ऐकू नका. शिट्ट्या मोजायच्या राहतात, डाळीचा गाळ होतो."

दाजी म्हणाले, "ती डाळ मीच खाल्लीया की." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मी बोललो होतो तिला त्या दिवशी. लक्ष कुठं असतंय तुझं, म्हणून."

मग त्यांनी तो अल्बम लावायला सांगितला. मी फोनवर लावला. पहिल्या दणक्याला ते मागं सरकले. "लई दंगा हाय गं." मी बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. ती किती ऐकायची?" मी म्हटलं, सगळा. आम्ही सगळा ऐकला. मधे एकदा त्यांनी विचारलं, हे गाणारं काय म्हणतंय? मी म्हटलं, मला पण नीट कळत नाही, दाजी, ताईंनाच विचारायची मी.

आता शेवटचा राग, आणि तोही तुमच्यावरच. मी तुम्हाला एकदा म्हटलं होतं, खाली नाव टाकत जा. तुम्ही म्हणालात, "कशाला? वर दिसतंयच की." दिसतंय, ताई, पण कुणी उचलून दुसरीकडं नेलं की वरचं नाव तिथंच राहतं आणि खालच्या ओळी एकट्याच जातात! तुम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. स्टोअरमधल्या प्रत्येक खोक्यावर तुम्ही लेबल लावायच्या. तेवढं तुमच्या ओळींना का नाही लावलंत? आपल्या ओळी कुणी चोरण्याएवढ्या चांगल्या आहेत, हे तुम्हाला खरंच वाटलं नाही का? की कुणी मानणारच नाही, असं आधीच धरून चाललात?

तर ऐका. परवा शुक्रवार आहे. मी पहाटे उठणार आहे, आणि नवा आलेला एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार आहे. टेकडी यायच्या आत ग्रुपवर लिहिणार आहे, दर शुक्रवारी, आवाज असो नसो. तुम्ही आवडलेलंच लिहायच्या आणि बाकीचं सोडून द्यायच्या. मी सोडणार नाही. फालतू असेल तर फालतू म्हणेन. माझं तुमच्याएवढं चांगलं जमणार नाही, मामांना शब्द विचारीन. पण नाव मी वर ठेवणार नाही आणि खाली पण नाही. उखाण्यात घेतात तसं वाक्याच्या आत बसवीन, म्हणजे ते काढायचं तर कुणालाही वाक्यच मोडावं लागेल. सुरुवात ठरली आहे माझी: "शोभाताई कांबळ्यांनी जिला ऐकायला शिकवलं, ती अश्विनी सांगतीय, हा अल्बम ऐका."

किंवा ऐकू नका. ते परवा कळेल.

तुमची,
अजून रागात असलेली,
अश्वी